दादाचं मशीन

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. मुलीचा खोकला गेला. तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो असं तुम्हीच म्हणता.

ऑफिसात धावपळ चालली आहे. संगणक सुरू होताना जागा होतो आणि पुढचं सगळं चालवतो तो त्याचा गाभा म्हणजे कर्नल. दादा जेवताना त्याच्याबद्दल बोलत बसायचा आणि तुम्ही म्हणायचात, "आधी ताटातलं संपवा." त्या कर्नलमध्ये एक भोक सापडलंय आणि त्यातून चोर लोकांच्या मशीनमध्ये शिरू लागलेत. भोक बुजवलेलं नवं कर्नल तयार आहे. दादाच्या जागी आता मी असल्यामुळे ते कधी सोडायचं हे मी ठरवायचं.

साहेब म्हणतात, "साप घरात शिरलाय आणि तुम्ही काठी तासत बसलात!" चाचण्या घेणारी आमची 'आजी' (वय तिशीचं, पण खोट काढण्यात कुणाचं ऐकत नाही) म्हणते, "घाईत सोडलं आणि लोकांची मशीनं उठलीच नाहीत, तर चोर परवडला." दोघांचंही खरं आहे.

दुरुस्तीसाठी कर्नलच्या एका भागाला हात लावावा लागला, मशीनमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या एका जुन्या कार्डाशी बोलणाऱ्या. तसली मशीनं छोट्या दवाखान्यांत, दुकानांत अजून पुष्कळ आहेत. आमच्याकडे त्या कार्डाची संगणकातच बनवलेली नक्कल आहे, तिच्यावर सगळं नीट चाललं. आजी म्हणाली, "नकली भिंतीवर डोकं आपटून टेंगूळ कसं येणार? खरं कार्ड कुठाय?"

खरं कार्ड तुमच्या घरी आहे. खिडकीजवळच्या टेबलाखाली, दादाच्या मशीनमध्ये.

दादाचा नियमच होता, नवं कर्नल आधी आपल्या माणसांच्या घरी, मग जगाच्या. पहिल्या तुकडीत त्याचं मशीन कायम असायचं. तुम्ही ते अजून बंद केलेलं नाही, हे मला माहीत आहे. दर सोमवारी ते आपणहून कळवतं, 'चालू आहे'. पुढे दादाचं नाव. मी तेवढं वाचतो आणि चहाला जातो.

या वेळी मी ते पहिल्या तुकडीतून काढलं. कुणाला सांगितलं नाही. आजीला दिसलंच. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आज नव्या मशीनना दुरुस्ती सोडली. जुन्यांना थांबवलंय. चोर ज्या सोयीतून शिरतो ती सोयच बंद ठेवा, असं त्या लोकांना कळवलंय. त्यांची कामं अडतायत. हे फार दिवस चालणार नाही.

तुमची हरकत नसेल तर रविवारी नवं कर्नल दादाच्या मशीनवर घालीन. आधी सगळ्याची प्रत काढीन, फोटो वगैरे काही जाणार नाही. पण मशीन पुन्हा उठेलच, असं मला लिहिता येत नाही. तुम्ही ते चालू का ठेवलंय, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हीही विचारलं असतं, की भाऊजी, हे गेले त्या दिवसानंतर तुम्ही घरी का नाही आलात.

मनापासून नको वाटत असेल तर नको म्हणा. मी हात लावणार नाही, दुसरं कार्ड शोधू. उशीर होईल, तो माझ्या माथी.

रविवारी मात्र मी येतोच आहे. जेवायला थांबेन.

तुम्हा दोघांचा,
धाकटा