सवारीची परवानगी

२० ऑक्टोबर १९४७

उत्तर आलं! देवीची पालखी काढा — पण वाजंत्री नको, मशिदीवरून नको, आणि दोन तासांत आटपा. देवी आमच्या गावची, अन् तिला देवळाबाहेर यायला अंबडच्या तहसिलीची चिठ्ठी लागते! अर्ज मीच लिहिला होता, झोकदार उर्दूत. पंधरा वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो आहे. आज पहिल्यांदा या धंद्याची लाज वाटली.

गंमत म्हणजे आमच्या अर्जावर पहिला अंगठा दगडूभाई मुजावरांचा. गावची मोहरमची सवारी, म्हणजे पंजांची मिरवणूक, तेच उठवतात. "वाजू द्या की, आमाला काय तरास?" म्हणाले. त्यांना त्रास नाही, मग सरकारच्या पोटात का दुखतं? राजानं राज्य करावं. देव ज्याचा त्यानं पाहावा.

१९ सप्टेंबर १९४८

निजामी गेली!! हिंदी फौज आली. लिहवत नाही. आता सरकारला ना शेंडी, ना दाढी!

१ नोव्हेंबर

संताप, संताप! चुलतभाऊ रखमाजी चौघांना घेऊन गावाहून आला. मोहरम तोंडावर. म्हणे, सवारी बंद करायचा अर्ज लिहून द्या. "आता आपलं राज आलंय न्हं, मंग?"

अरे, आपलं म्हणजे कुणाचं? दगडूभाईंचं नाही? आणि सवारीपुढचा आलावा, विस्तवाचा खड्डा, खोदायचा मान याच्याच घराचा! आजा-पणज्यांनी तो खड्डा खोदला, त्यातली राख कपाळाला लावली, अन् हा निघाला सवारीच बंद पाडायला. म्हटलं, "वर्षापूर्वी त्या सरकारनं आपल्या देवीचं हेच केलं तेव्हा तू बोंबलत होतास." तर म्हणतो, "दादा, तुमी बसा कागद खरडत. आमी बघून घेतो." दौत फेकून मारणार होतो, बायकोनं हात धरला.

ते गेल्यावर ती म्हणाली, "एकडाव गावाला जाऊन या. दगडूभाऊला धीर वाटंल." धीरानं काय होतं? कागद पाहिजे!

४ नोव्हेंबर

तीन खर्डे फाडले. चौथा उतरला! सवारीला परवानगी मागणारा अर्ज — माझ्याच नावानं, आणि कचेरीसाठी जन्मात पहिल्यांदा मराठीत. 'सरकारने कोणत्याही धर्माची पालखी खांद्यावर घेऊ नये, व कोणाची अडवूही नये.' वाक्य मलाच आवडलं. दोनदा मोठ्यानं वाचलं.

८ नोव्हेंबर

साहेब दौऱ्यावर. कारकून जुनाच. पान चघळत म्हणतो, "इतकी जल्दी काय हाय?" नालायक!

१० नोव्हेंबर

मंजूर! नव्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "काढा सवारी. यात सरकारचं काय काम?" एवढं एक वाक्य ऐकायला इतकी वर्षं गेली. उद्या गावी जाऊन रखमाजीच्या नाकासमोर कागद धरतो.

११ नोव्हेंबर

दगडूभाईंच्या दाराला कुलूप. शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, रविवारीच गाडी जुंपून सगळे गेले. "रखमाजीची मानसं रोज दारात येऊन बसायची. अंबडाहून अर्जवाले दादा येतेत म्हणून चार दिस वाट पाह्यली त्यांनी."

अंबड ते गाव चार कोस. मी गेलो नव्हतो.