खिडकीखालचा पलंग

३ मार्च
ताईचा गुंड्या आज पलंगावर चढला. एकटा! आधी उशीवर पाय, मग खिडकीचा कट्टा. मी भाजी तशीच टाकून पळाले. दोन्ही तळहात जाळीला टेकवून खालच्या गाड्यांना टाटा करत होता. तिसरा मजला. कमरेला धरून खाली ओढला त्याला.

४ मार्च
ताई कारखान्यातून आल्यावर म्हटलं, पलंग खिडकीपासून हलवूया. ती म्हणाली, तुझ्या भावजींना विचार. मी कुठली विचारतेय! जेवायला वाढलंय हे सांगायलासुद्धा मी गुंड्याला पाठवते. शेवटी ताईनेच विषय काढला. भावजी हसले. घरोघरी डासांच्या जाळ्या बसवायचं त्यांचं काम, आणि ही तर घरची जाळी. म्हणाले, वाघ आला तरी हलायची नाही. पलंग हलवल्यावर वारा काय तू घालणार का, असं ताईला.

५ मार्च
पलंग मीच ओढून भिंतीला लावला. संध्याकाळी परत खिडकीखाली.

८ मार्च
पुन्हा चढला. वाटच सापडलीय त्याला. मी आंघोळीला गेले तरी याला दाराशी बसवून गाणी म्हणत राहते. शेजारची काकू म्हणते, पोरं पडत-धडपडतच मोठी होतात. उंबऱ्यावरून पडणं वेगळं हो काकू — मनातच म्हटलं.

९ मार्च
आज घोळ केला. गुंड्या झोपला होता. तांदळाची पिशवी उचलून बघितली — त्याच्याएवढीच जड. खाली कुणी नाही हे वाकून पाहिलं आणि पिशवी जाळीला टेकवली. नुसती टेकवली! जाळी चौकटीसकट खाली गेली. खालच्या पत्र्यावर जो आवाज झाला...

ताईने आल्या आल्या फैलावर घेतलं. वेड लागलंय का, तांदूळ फेकतेस? माझं तोंड उघडेना. भावजी दारातच उभे. मग कसंबसं उघडलं.
"भावजी, गुंड्याएवढंच वजन होतं. मी ढकललं नाही."
ते खिडकीशी जाऊन खाली बघत राहिले. जेवले नाहीत. पलंग स्वतः ओढला. लोखंडी गज बसवणाऱ्याला उद्याच ये म्हणून सांगून आले.

११ मार्च
जिथं जिथं जाळ्या बसवल्या, त्या त्या घरी भावजी आज सांगायला निघाले. मलाही घेतलं. पहिलंच दार एका वहिनींनी उघडलं — समोर खिडकीखाली सोफा, सोफ्यावर उभं पोर. भावजींच्या तोंडून शब्द फुटेना.
"वहिनी," मी म्हटलं, "आधी त्याला उचला. मग सांगते."