यादीतला नववा धोका

२ जून १९८६

दिल्लीहून आमच्या जयपूरच्या ऑफिसात छापील तक्ते आले. संगणकाचं काम हातात घेतलं की त्यात काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची. प्रत्येकापुढं दोन आकडे. घडण्याची शक्यता किती, आणि घडलं तर नुकसान किती. एक ते पाच. मग गुणाकार. भंडारीजी, आमचे साहेब, यादी बघण्याआधीच म्हणाले, "मॅडम, पच्चीस किसी को मत दीजिए. दिल्लीवाले घबरा जाएँगे."

आमचं काम म्हणजे रक्तपेढीचा प्रोग्रॅम. कुठली बाटली कुठल्या गटाची, कधी खराब होणार. पंधरा ऑगस्टला सुरू करायचाय.

३ जून

यादी झाली. लाइट जाणे – शक्यता पाच. आंधीची धूळ फ्लॉपीत शिरणे – चार. ऑफिसामागच्या झालान्याच्या जंगलातली माकडं वायरी कुरतडणे – तीन. हसण्यासारखं नाही, मार्चमध्ये झालंय!

नववा धोका – सगळं काम एकाच माणसाला माहीत असणे. ते माणूस मीच. भंडारीजींनी स्वतःच शक्यतेत एक घातला. "आप कहाँ जाने वाली हैं?" मी सही केली.

४ जून

ह्यांचं पोस्टिंग आलं. आसामात, तेजपूर. पंधरा जुलैला हजर. "अगं, तिकडं हिरवंगार असतं," म्हणाले. मी बरं म्हटलं आणि कुकर उतरवला. काहीच वाटलं नाही. प्रतिमा म्हणाली, "आई, मतलब परत नवीन स्कूल?" आठ वर्षांची आहे. ही तिसरी शाळा होईल.

५ जून

उकाडा. दोनदा आंघोळ केली. बाकी काही नाही.

७ जून

व्हरांड्यात अकरा काळ्या पेट्या. दर पोस्टिंगला पेंटर येतो, जुन्या गावावर काळा रंग मारतो, वर पांढऱ्यानं नवं गाव. जयपूरच्या खाली बबीना आहे, त्याच्या खाली बेळगाव. बेळगावला शाळेतली नोकरी पक्की होत आली होती. बबीन्याला बी.एड. अर्धं राहिलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आई म्हणायची. हसत म्हणायची.

ऑफिसात अजून सांगितलं नाही. सही करताना मला कसं आठवलं नाही, की आपण फौजीची बायको? दर तीन वर्षांनी उठतोच की! पण हे कुणी धोक्यात धरतच नाही. मीही नाही धरलं.

११ जून

रक्तपेढीत चाचणी. पडद्यावर आलं – बाटली ठीक. तिथल्या गुलाबजींनी बाटलीवरची कागदाची चिठ्ठी वाचली. "मॅडम, ये तो कल ही ख़राब हो गई."

वीस मेची बाटली, एकवीस दिवसांची मुदत. सगळे महिने मी तीस दिवसांचे धरले होते. मे महिन्यात एकतीस असतात! दहा मिनिटांत दुरुस्त केलं, कारण कुठं बघायचं ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही. ऑगस्टनंतर गुलाबजी चिठ्ठ्या बघणार नाहीत, पडदा बघतील. आणि मी तेजपूरला.

ऑटोत बोटांवर महिन्यांचे दिवस मोजत आले.

१६ जून

भंडारीजींना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "किसी को समझा दीजिए." मी माझी वही पुढं केली. दोन वर्षांचं सगळं त्यात आहे – काय केलं, का केलं. सगळं मराठीत. दुसरं कुणी वाचेल असं कधी वाटलंच नव्हतं! त्यांनी दोन पानं उलटली. "अक्षर तो पढ़ लिए, मॅडम. समझा कुछ नहीं."

सगळं हिंदीत उतरवून कुणाला शिकवायचं तर चार महिने हवेत. आहेत चार आठवडे.

१७ जून

नवव्या ओळीतला एक खोडला. पाच केला. नुकसान पाच. पंचवीस. भंडारीजींनी खाली सही केली.

२० जून

विचारलं एकदाचं. "अहो, मी इथंच राहिले तर? काम उभं राहीपर्यंत." ह्यांनी पेपर खाली ठेवला. "राहणार कुठं? क्वार्टर सोडावं लागेल." म्हटलं, विद्याधर नगरात खोली बघते. "असं कुणी करतं का? मेसमध्ये लोक काय म्हणतील!" मग पेपर परत उचलून, "पेंटरला मंगळवारी बोलावलंय."

मी बरं म्हटलं. चौदा वर्षं बरंच म्हणत आलेय.

२४ जून, मंगळवार

ऑफिसातून आले तर पेंटर येऊन गेलेला. रंग अजून ओला. ह्यांच्या तीन पेट्यांवर तेजपूर. आठांवर जयपूर तसंच. हे पलीकडं बसून बूट पुसत होते, वर बघितलं नाही.

मी रडले. किती दिवसांनी!