रेवाचं पदक

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, ४ जानेवारी १९९८

प्रिय उल्हास,

नमस्कार. हे पत्र सुहासिनीवहिनी तुला वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही नमस्कार, आणि माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी. दिवाळीत फोन केला होता तो जेमतेम तीन मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं मी दिल्लीच्या थंडीवर घालवली. कराडला कसं चाललंय, काठी घेऊन नदीपर्यंत जातोस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आम्ही अखेर क्वार्टर सोडून सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो. चौथा मजला. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. पाणी टँकरने येतं आणि टँकर मनाला येईल तेव्हा येतो. विमानं इतकी खालून जातात की हेमलता म्हणते, हात वर केला तर थांबतील. खाली चार दुकानं उघडलीत. तिथे पिझ्झा मिळतो, पण जाडे पोहे विचारले की दुकानदार तोंडाकडे बघतो. नव्याचे नऊ दिवस संपले, आता नुसते जिने उरलेत.

गच्चीवर उन्हात बसून लिहितोय. अर्ध्या तासात तीनदा उठलो. एकदा टाकी बघायला, एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच.

रेवा बरी आहे. तू दर वेळी आधी तिची चौकशी करतोस, मग माझी. वय झालंय तिचं, तोंडाजवळ पांढरी झालीय, पण नाक तेच. तिला पदक मिळतंय, उल्हास. इथल्या प्राणिमित्रांच्या एका संस्थेने यंदापासून सुरू केलंय, प्राण्यांच्या शौर्याबद्दल आणि कर्तव्यनिष्ठेबद्दल. मागे कुत्र्यांची बिस्किटं करणारी नवी परदेशी कंपनी उभी आहे. सतरा तारखेला मोठ्या हॉटेलात समारंभ. रेवाबरोबर एक घोडा आणि एका डोंगरी ठाण्यावरचं खेचरही आहे. खेचराला हॉटेलच्या गालिच्यावरून कसं नेणार, ही चिंता खेचराच्या साहेबांची. कंपनीने बिस्किटांचा पुडा पाठवला होता. रेवाने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. तिला दुधात कुस्करलेली शिळी पोळीच लागते.

संस्थेचा एक फॉर्म आला होता. हेमलताचं अक्षर चांगलं, ऑफिसात सगळे तिच्याकडूनच लिहून घेतात, म्हणून तिला भरायला बसवली. नाव, जात, वय, किती वर्षं सेवा, सगळं झरझर झालं. मग एक रकाना आला: ‘आज्ञा नसताना प्राण्याने स्वतःहून काय केले?’

“अहो, काय लिहू? बताओ ना.”

“राहू दे तो.”

“असा खाली कसा ठेवणार? हाच तर मेन आहे. बहादुरी की बात यहीं तो लिखनी है.”

मी म्हटलं, टँकर आला वाटतं, आणि बादली घेऊन खाली उतरलो. टँकर आला नव्हता. बादली घेऊन पाऊण तास खाली उभा राहिलो. ही गुरुवारची गोष्ट. 

वहिनी, जरा थांबा. पुढचं तुम्ही आधी मनात वाचाल आणि मग याला सांगायचं की नाही ते ठरवाल. मी तुम्हाला ओळखतो. पण एवढं ऐका, तसं करू नका. जसं येईल तसं मोठ्याने वाचा.

उल्हास, तो मे महिन्यातला दिवस. नवीन मार्केट, टीव्हीच्या शोरूमचं उद्घाटन, सेलची ही गर्दी. वहिनींना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या कुत्र्यांना भुंकायला शिकवत नाहीत. स्फोटकाचा वास लागला की मुकाट बसायचं आणि तिथेच बघत राहायचं, एवढंच. आणि वीसेक मिनिटं काम झालं की विश्रांती द्यायची, कारण दमलेल्या नाकावर भरवसा नाही. त्या दिवशी दुसरं कुत्रं आजारी होतं. रेवा पन्नास मिनिटं उन्हात फिरत होती.

स्कूटर-स्टँडमध्ये एका निळ्या स्कूटरपाशी ती बसली. मला वाटलं, दमली. दमली की ती अशीच बसते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? नऊ महिन्यांची होती तेव्हापासून मीच वाढवलीय. म्हटलं, “ऊठ.” उठली नाही. पट्टा ओढला, तरी नाही. मग मी तिला अक्षरशः फरफटत गाडीपाशी नेली, पाणी पाजलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला. वर लाडाने म्हटलं, “कामचुकार कुठली.”

अकरा मिनिटं गेली. घड्याळ बघितलं होतं, कारण विश्रांतीची वेळ लिहावी लागते.

परत आणली तेव्हा मी तिला दुसऱ्या रांगेत नेत होतो. तिने ऐकलं नाही. हिसका देऊन मला त्याच स्कूटरपाशी ओढत नेलं आणि बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तुला हाक मारली.

गर्दी हटवायला दहा मिनिटं तरी हवी होती. बॉम्बच्या घड्याळात तेवढी उरली नव्हती. म्हणून वाळूची पोती यायच्या आत तू बॉम्ब निकामी करायला पुढे झालास. गर्दीतल्या एकालाही इजा झाली नाही. तुझे डोळे गेले.

चौकशीत मला विचारलं, कुत्र्याने इशारा कधी दिला? मी म्हणालो, पहिल्या इशाऱ्यालाच कळवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणालो. मग अहवालात लिहिलं गेलं की उल्हासने घाई केली, आणि तुझ्या शौर्यपदकाची शिफारस परत आली. तूही फोनवर म्हणतोस, “घाई नडली यार.” मी म्हणतो, “चलो, जाऊ दे.” आठ महिने मी हेच म्हणतोय. लाज वाटते रे. फोन खाली ठेवल्यावर बूथमधून बाहेर पडवत नाही.

रेवाने स्वतःहून काय केलं? माझं ऐकलं नाही, हे केलं. तिची सगळी बहादुरी तेवढ्यातच आहे, आणि माझी चूक सांगितल्याशिवाय ती सांगताच येत नाही. नाही सांगितलं तर तिला मिळणारं पदकही खोटं.

काल हेमलताला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग आली, पेन उघडलं आणि म्हणाली, “सांगा, सावकाश.” तो रकाना तिने भरलाय. साहेबांच्या नावाने वेगळा जबाब मी माझ्या हाताने लिहिलाय. उद्या आधी हे पत्र टाकणार, मग दहा वाजता जबाब देणार. या क्रमाने, कारण पहिल्यांदा तुला कळायला हवं. चौकशी पुन्हा उघडेल. रेवाला माझ्याकडून काढून घेतील, बहुतेक सतराच्या आतच. नवा माणूस तिला घेऊन स्टेजवर जाईल. त्याला पोळीचं सांगून ठेवीन.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा, आणि मी पुन्हा मोकळा सुटेन. या पत्राचं तुला जे करायचं ते कर. साहेबांना दाखव, फाड, मला शिव्या घाल. फक्त एक गोष्ट मनातून काढून टाक.

तू घाई केली नव्हतीस. तुझ्या वाट्याची अकरा मिनिटं मी आधीच घालवून बसलो होतो.

वहिनी, ही शेवटची दोन वाक्यं त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवा.

‘तुझा’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच
बळवंत