डाव्या हाताचं फाटक

प्रिय दादा,

डबा पोचला. वरचं अक्षर वहिनींचं असलं तरी सुतळी तुझ्या देखरेखीखाली बांधली गेली आहे हे बघताक्षणी कळलं. दोन आडवे वेढे, दोन उभे आणि गाठ मागच्या बाजूला, म्हणजे पत्त्यावर येत नाही. एकतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढलेला माणूस काही न बोलता नुसत्या नजरेनंही बायकोला गाठ सोडून परत बांधायला लावू शकतो. आई म्हणायची ना, या पोराचा जन्म पत्त्यांत जाणार, दिवसभर पाकिटांवरचे आणि घरी आला की हातातले. त्यातले हे दुसरे पत्ते आता माझ्या पत्त्यावर येऊन पडलेत. तेवीस कॅट, प्रत्येकाला रबर लावलेलं, आणि सगळ्यांच्या खाली मी तुला पाठवलेलं ते पुस्तक. सोबत चिठ्ठी नव्हती.

मी लगेच वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, तू दोन दिवस कपाटावरच्या डब्याकडे बोट दाखवत होतास आणि डबा खाली काढल्यावर माझ्या फोटोकडे. मग त्यांनी फोन तुझ्या कानाला लावला. मी विचारलं, कसा आहेस, तू म्हणालास, बरं. मी विचारलं, पत्ते का पाठवलेस, तरी तू म्हणालास, बरं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिन्यांत एवढा एकच शब्द परत आलाय म्हणे, भूक लागली तरी तोच आणि संताप झाला तरी तोच. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर सांगतात. म्हणून फोन ठेवला आणि लिहायला बसलो. अक्षरं तुझ्या डोळ्यांपुढे एका जागी थांबत नाहीत, तेव्हा हे वहिनीच वाचून दाखवणार. वहिनी, मधे माझी लाज निघेल असं काही आलं तर गाळू नका, सलग वाचा.

आधी त्या पुस्तकाबद्दल सांगतो. तुझा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी वहिनींना सांगितलं होतं की उजवा हात कधी परत येईल सांगता येत नाही, पण डाव्याला काम लावा, आवडीचं काम द्या. वहिनींनी मला विचारलं, भावजी, डाव्या हातानं पत्ते खेळवायला शिकवणारं काही मिळेल का. मी हे काम असं अंगावर घेतलं की विचारू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतो, हे स्पष्ट की ते, पहिलं बरं की दुसरं. तसाच इथेही लागलो. पाच पुस्तकं मागवली. एकात फोटो होते, पण शाईनं बरबटलेले, बोट कुठलं आणि सावली कुठली कळेना. एकात नुसता मजकूर, तो तुझ्या कामाचा नाही. एक लहान मुलांसाठी होतं, ते तुला पाठवलं असतं तर तू तेव्हाही बरं म्हणाला असतास, पण कुठल्या अर्थानं ते मला कळलं असतं. शेवटी रेघांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक निवडलं. बाण आहेत, आकडे आहेत, वाचायला काही लागत नाही. आपल्या फाटकाला, एका हातानं कॅट कापायच्या त्या युक्तीला, त्यात कुणा जुन्या जादूगाराचं नाव दिलंय. पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. त्यातल्या साडेतीनशे चित्रांतले झाडून सगळे हात उजवे आहेत. लोकांचे चष्मे जुळवणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये!

मग व्हिडिओ बघायला बसलो. दादा, आजकालची मुलं काय करतात म्हणून सांगू. कॅटचे पाच तुकडे दहा बोटांवर नाचवतात, मागे ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि शिकवतो म्हणून सुरुवात करून नुसतं दाखवतात. मी एक कसोटी ठरवली. ज्याच्या हातून पत्ते पडतात आणि जो ते पडलेले दाखवतो, तो मास्तर. या कसोटीला चाळीस व्हिडिओंतली एकच मुलगी उतरली. अंगठ्याला चिकटपट्टी लावलेली, हळू बोलणारी, पत्ते पडले की हसून गोळा करणारी. तीही उजव्या हाताची. माझ्या लेकीनं तो व्हिडिओ उजव्याचा डावा करून दिला, त्यात पत्त्यांवरचे आकडेसुद्धा उलटे झाले. तो पाठवला. वहिनी म्हणाल्या, तू थोडा वेळ बघितलास आणि फोन पालथा घातलास.

त्यानंतर वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी वर्ग भरतो असं कळलं. म्हटलं, आधी स्वतः जाऊन बघावं. सगळी विशीतली पोरं आणि त्यांच्यात मी, जाड काचांचा म्हातारा. मास्तर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, काका, काही येतं का. मी कॅट डाव्या हातात घेतला आणि फाटक उघडून बंद केलं. अर्धा कॅट वर, अर्धा खाली, मधून अंगठा, एका हातानं. तो जवळ आला, पुन्हा करायला सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. मग म्हणाला, हात फार स्वच्छ आहे, पण करंगळी अशी मुडपून का ठेवता, ती सरळ हवी, कुठे मोडली होती का. मी म्हणालो, नाही, माझी करंगळी धडधाकट आहे. आणि तिथेच, त्या पोरांच्या समोर, माझे डोळे भरून आले.

कारण मोडलेली होती ती तुझी. तुझ्या उजव्या हाताची, दारात सापडून, तू अकरा वर्षांचा असताना. ती कधी सरळ झाली नाही, म्हणून तू कॅटचा कोपरा तिच्या बाकात अडकवायचास. मी तेच शिकलो. शिकवणं म्हणजे तरी काय, बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, आपल्याला तोंडातून आवाज काढायची सोय नाही. पलंगांच्या मधलं ते अरुंद टेबल, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, म्हणजे पत्ते पडले तरी बाबा जागे होणार नाहीत. तू त्या बाजूला, मी या बाजूला. तू करायचास आणि मी बघून करायचो. तुझा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर यायचा, म्हणून मी डाव्यानं शिकलो. मी लिहितो उजव्यानं, जेवतो उजव्यानं, भिंगं घासतो उजव्यानं, पत्ते मात्र डाव्यानं. चूक तुझ्या लक्षात आली तोवर वर्ष उलटून गेलं होतं. तू एकदा माझ्या मागे उभा राहून माझा उजवा हात धरून पहिल्यापासून सुरुवात केलीस, मी रडवेला झालो, आणि तू सोडून दिलंस. बाहेर अंगणात आल्यावर म्हणालास, राहू दे रे, समोर बसतोस ते बरं दिसतं, आरशात बघितल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून मी घरात आरसा झालो. आई मला जेवायला हाक मारतानासुद्धा आरसा म्हणायची.

तुझ्या ऑफिसच्या त्या संमेलनात आपण समोरासमोर बसून एका वेळी फाटक उघडलं होतं, आठवतं? पोस्टमास्तरांना वाटलं होतं की मधे काच आहे. त्यांनी उठून आपल्या मधे हात घालून बघितला आणि सगळं सभागृह हसलं. माझ्या लग्नातही मी इतका खूश नव्हतो. हे वहिनींनी आमच्या हिला सांगू नये.

आता जे लिहायचं टाळत तीन पानं भरली ते लिहितो. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी आलो होतो. तू झोपलेला होतास असं मी सगळ्यांना सांगितलं. तू झोपलेला नव्हतास. तुझे डोळे उघडे होते आणि तू माझ्याकडे बघत होतास. तुझा उजवा हात चादरीवर होता, बोटं मिटू नयेत म्हणून नर्सनं तळव्यात टॉवेलची गुंडाळी ठेवली होती, आणि ती करंगळी तिच्याभोवती तशीच वाकडी. त्या हाताची प्रत्येक हालचाल मला पाठ आहे, दादा. त्याला असं पडलेलं मला बघवेना. मी म्हणालो, चहा घेऊन येतो. जिना उतरलो, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडलो आणि मिळाली त्या बसमध्ये बसलो. वहिनींना फोनवर सांगितलं, दुकानातून तातडीचा निरोप आला. कुठला निरोप आणि कसलं काय. चष्म्याच्या दुकानात तातडीचं काय असतं? आठ महिने झाले, मी अजून चहा आणलेला नाही.

आणि मग पुस्तकं शोधत बसलो. पाच पुस्तकं, चाळीस व्हिडिओ, रविवारचा वर्ग. सगळ्यांना वाटलं, भाऊ असावा तर असा. वहिनींनाही वाटलं, त्या मला प्रत्येक फोनवर आशीर्वाद देत होत्या आणि मी ते निमूटपणे घेत होतो. खरं एवढंच की वस्तू पाठवत राहिलं की स्वतः जावं लागत नाही. मी भित्रा आहे, दादा. लहानपणी बाबा जागे झाले की टेबलाखाली जाणारा मीच होतो.

तू डबा पाठवलास तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तू सोडलंस. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. मग काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा एकेक कॅट काढून बघत बसलो. बावीस जुने आहेत, कडा मऊ झालेले, उजव्या हाताचे. तेविसावा तो नवा, मी पुस्तकाबरोबर पाठवलेला. मला वाटलं होतं तो कोरा असेल. त्याच्या कोपऱ्यांना बाक आलाय. भिंग लावून बघितलं तर वरच्या पत्त्याच्या कडेवर नखाच्या बारीक खुणा, एकीवर एक, मोजता येणार नाहीत इतक्या. मी कॅट माझ्या डाव्या हातात धरला आणि माझा अंगठा बरोबर त्या खुणांवर आला. मग पुस्तक उघडलं. ते आपोआप एकाच पानावर उघडतं, तिथे त्याचा कणा मोडलाय. फाटकाचं पान. म्हणजे तू शिकत होतास. वहिनींना न सांगता, त्या बाजारात गेल्या की, त्या उजव्या हातांच्या चित्रांकडे बघत, एकटा. किती वेळा पडले असतील पत्ते, आणि एका हातानं ते गोळा कसे केले असशील? ब्लँकेट तरी घेतलं होतंस का रे खाली? दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि पोटभर रडलो.

हे पत्र कशासाठी ते आता सांगतो. जगात तुझं फाटक डाव्या हातानं दाखवणारं एकही पुस्तक नाही, मी सगळी चाळली. ते दाखवणारा एकच हात आहे, तो तूच घडवलास, आणि आठ महिने मी तो सोडून बाकी सगळं तुला पाठवत राहिलो. रविवारी सकाळच्या बसनं मी येतोय. डबा घेऊन येतोय, कारण तो माझा नाही. या वेळी समोर बसायचं नाही, नाहीतर पुन्हा सगळं उलटं होईल. मी तुझ्या शेजारी बसेन, उजव्या अंगाला, म्हणजे माझा डावा हात तुला जवळून दिसेल. त्या बाजूला तुझा तो हातही असेल. या वेळी त्याच्याकडे बघेन, उठून जाणार नाही. तुला मला घरात घ्यायचं नसेल तर त्याचा तुला पूर्ण हक्क आहे. वहिनी, इथे थांबा आणि त्याला विचारा, आरशानं यावं का. तो बरं म्हणेल. नाही म्हणायचं असेल तरी बरंच म्हणेल, मला माहीत आहे. मी ते हो धरून निघतोय, आणि येताना खालून चहा घेऊन येतोय.

तुझाच,
आरसा