सातचा जोहार

२८ जानेवारी १९८६

चिठ्ठी आली. रेंजर सायबानं उभ्या उभ्याच वाचली. वीस मार्चले नागपूरचे मोठे सायब येणार. त्या दिवशी सकाळी सातच्या हाजरीले आठही नाक्यायचा आवाज साफ आला तर वायरलेस राहीन. नाई आला तर सगळे सेट पेटीत घालून चंद्रपूरच्या गोदामात!

मी म्हटलं, मंग जंगल पेटलं तर निरोप काय कोंबड्याच्या पायाले बांधून धाडायचा? सायब हासले. मले काही हासू आलं नाई.

मी इथली चपराशीन. ऑपरेटरची खुर्ची दोन वर्षं रिकामी, म्हणून मीच बसते. चवथी शिकली, तेवढं पुरते. सेट गेले तर मी पुन्हा स्टोव्हवरच्या चहाच्या गंजाजवळ — त्याचं काही नाई. पण मागच्या उन्हाळ्यात अस्वलखोऱ्याच्या नाक्यावरचा इसरू मामा दोन दिवस पाय मोडून पडला होता. सेट हातात. बटन दाबून दाबून बॅटरी संपली त्याची. अन् मी इथी खुर्चीवर! मले नुसती खरखर. आता म्हातारा लंगडत चालते. दिसला की मी मान खाली घालते.

सेट जाऊ देणार नाई.

१ फेब्रुवारी

हाजरी घेतली. सहा साफ. एक फाटका. अस्वलखोरं — नाईच. महिनाभर हेच चालू आहे.

४ फेब्रुवारी

चंद्रपूरहून मेकॅनिक आला, श्रीहरी. पँटीले इस्त्री. टेकडीवर आपली वायरलेसची खोली, तिच्या डोक्यावर एरियल. त्यानं खालूनच पाह्यलं अन् म्हणाला, उंची कमी पडते. लोखंडी पाइप दोन आणखी चढवले. मी विचारलं, आधी कुठी ऐकू येते अन् कुठी नाई ते पाहाचं नाई का? तर म्हणते, "बाई, तुम्ही चहा पाहा."

चहा दिला. साखर नाई टाकली.

५ फेब्रुवारी

घ्या उंची! आज सकाळपासून सेटमधून तेलुगू. नदीच्या पल्याडचे कोणीतरी मानसं, कोणता ट्रक कुठी फसला ते सांगून राह्यले. दिवसभर! त्यायच्या बोलण्याखाली आपले दोन नाके दबून गेले. अस्वलखोरं तर तसंच मुकं.

उंच चढलं की आपला आवाज दूर जाते, हे खरं. पण दूरचे लोकही आपल्या घरात येऊन बसतात, हे मेकॅनिकले कोण सांगन? मले दूर काय कराचं आहे? मले आठ नाके पाहिजे, बस.

७ फेब्रुवारी

मी ठरवलं. अंदाजानं काही कराचं नाई. पायानं पाहाचं.

रेंजर सायबाले म्हटलं, पत्रू नाकेदाराले माह्यासंगं द्या, खुर्चीवर चार दिवस दुसरा बसवा. सायब म्हणे जीपनं जा. जीप सडकेनं जाते, आग काय सडकेनं जाते? एक हातातला सेट घेतला, अन् झोऱ्यात चुना. पत्रू म्हणाला, "बाई, घर सारवाले निघाल्या का?" जंगल सारवाले निघाली, म्हटलं.

८ फेब्रुवारी

असं केलं — शंभर पावलं चालाचं, थांबाचं, बटन दाबून टेकडीशी बोलाचं. साफ आलं तर झाडाले चुन्याचे दोन पट्टे. खरखर असन तर एक. काही नाई तर कोरं सोडाचं. आज साठ झाडं. पायाले फोड.

९ फेब्रुवारी

सत्तर झाडं. पत्रू सेट कमरेजवळ धरून बोलत होता अन् एकच पट्टा मारत होता. मी तिथंच तोंडासमोर उभा धरून बोलली — दोन पट्टे! हाजरीले फाटका येते तो याचाच नाका! त्याले चुना पुसाले लावला अन् मागची वीस झाडं पुन्हा मोजली. शिव्या देत होता, मनातल्या मनात. मले ऐकू येते.

११ फेब्रुवारी

अस्वलखोरं. नाल्यापासून इसरू मामाच्या झोपडीपर्यंत एक झाड पांढरं झालं नाई. झोपडी डोंगराच्या अगदी कुशीत. मामा दारात बसून बोलते. बाहेर जाऊन काऊन बोलत नाई, विचारलं. म्हणाला, पाव्हन्याशी मानूस दारातच बोलते ना.

मी झोपडीच्या मागून वर चढत गेली. कोरं, कोरं, कोरं... मंग एक पट्टा. अन् धावड्याच्या मोठ्या झाडाजवळ, दोन! झोपडीपासून चाळीस पावलं. चाळीस पावलं! मागच्या उन्हाळ्यात कोणी इतकं मोजलं असतं तर...

मामाले म्हटलं, इथी झाडावर माच बांधा, इथूनच बोला. मामानं झाडाकडे पाह्यलं, मंग आपल्या पायाकडे. दुपारपर्यंत माच उभा. शिडीही केली, ठेंगण्या पायऱ्यायची. मी चुना फासत राह्यली.

१५ फेब्रुवारी

श्रीहरीशी भांडली. चांगलं भांडली. त्याले एरियल उतरवाचं नव्हतं, नवी तार टाकाची होती, सेटही बदलाचा होता — सगळं एकाच दिवशी! मी म्हटलं, तीन औषधं संगं दिली अन् ताप उतरला तर कोणत्यानं उतरला ते कसं समजन? एका दिवशी एकच बदल. आधी पाइप काढ.

त्यानं रेंजर सायबाकडे पाह्यलं. सायबानं माह्या वहीकडे पाह्यलं. दोनशे चौदा झाडं लिहून आहेत, कोणत्या वाटेवर, किती पट्टे. श्रीहरीनंही वही घेतली. खूप वेळ वाचली. मंग स्वतःच पाइपावर चढला.

१६ फेब्रुवारी

तेलुगू गेली! आठही नाके दिवसभर घंटीसारखे. माचावरून इसरू मामा बोलला तर मले वाटलं खोलीतच बसला आहे. श्रीहरीले साखर टाकून चहा.

१८ फेब्रुवारी

हे काय झालं! दिवसभर साफ. पण सकाळी बरोबर साताले शिट्टी, कुईं कुईं, किंचाळणं. पंधरा मिनिटं कोणाचं नाव समजत नाई. असं आधी कधी नव्हतं! आवाज सुधारला तशी हाजरी बिघडली. अन् मोठे सायब हाजरीच तर पाहाले येणार आहेत.

१९ फेब्रुवारी

साताले शिट्टी. आठाले साफ.

२० फेब्रुवारी

तेच. श्रीहरी म्हणते सकाळच्या दवानं होत असन. मंग सहाले काऊन होत नाई? सहाले काय दव घड्याळ पाहून थांबते?

२३ फेब्रुवारी

सापडलं!!

काल संध्याकाळी जीपनं अस्वलखोऱ्याले गेली, मामाच्या लेकीकडे राह्यली. खुर्चीवर पत्रू. आज साताले माचावर मामाच्या बाजूले बसली. मामानं सेट तोंडासमोर धरला, मीच शिकवलं तसा, अन् बटन दाबून सगळ्यायले नमस्कार घातला, "जोहार." बटन सोडलं. अन् लगेच ते किंचाळणं!

मामा म्हणाला, पाहा, रोज असंच. मले वाटते माहा जोहार कोणाले पोचत नाई, म्हणून पुन्हा करतो. पुन्हा केला. पुन्हा किंचाळलं.

पोचत नाई कसा? सगळ्यायले पोचते, म्हणूनच तर! आधी म्हाताऱ्याचा आवाजच जात नव्हता. आता जाते. अन् सगळ्यात वडीलधारा मानूस जोहार करते, तर कोण चूप बसन? सातही नाके एकदम बटन दाबून जोहार परत करतात. या सेटमधून एका वेळेस एकच मानूस बोलू शकते. दोघायनं दाबलं की दोघायचंही मरते, उरते शिट्टी. अन् बटन दाबलं की आपले कान बंद, म्हणून दर एकाले वाटते आपण एकटेच बोललो!

अन् आठवी कोण? टेकडीवर बसून रोज "जय भीम, इसरू मामा" म्हणणारी मीच! खुर्चीवर बसून हे मले जन्मात ऐकू आलं नसतं.

मशीन चांगलं. मानसं चांगली. म्हणूनच बिघडलं.

२४ फेब्रुवारी

सगळ्या नाक्यायले सांगतलं — सेटवर जोहाराचं उत्तर द्याचं नाई. नाव पुकारलं त्यानंच बोलाचं, ते पण दोन शब्द. बटन दाबाच्या आधी ऐकाचं, कोणी बोलून राह्यलं का.

साताले मामाचा जोहार आला. सगळे चूप. हाजरी चार मिनिटांत! मी टेबलावर हात आपटला.

२५ फेब्रुवारी

सात वाजले. अस्वलखोरं मुकं. पुकारलं, पुकारलं. नाई.

२६ फेब्रुवारी

पत्रूले धाडलं. म्हातारा माचाखाली बसून सुतळी वळून राह्यला म्हणे. सेट चांगला, बॅटरी चांगली. मामा म्हणाला, "मेलो समजले का सगळे मले?"

झालं! मी तारांवर प्रेम केलं अन् मानसाले विसरली.

२७ फेब्रुवारी

स्वतः गेली. मामा सुतळीच वळत राह्यला. मी सगळं समजावलं, एक वाट, आठ बैलबंड्या, कशा अडकतात. समजलं त्याले. पण म्हणाला, "बाई, कोणी जोहार घेतला नाई तर मानसाची सकाळ कशी होईन?"

मी बोलून गेली — "मामा, तुमचा जोहार कोणी फेकून देत नाई. जमा ठेवतात. शनिवारच्या बाजारात सातही जनं परत करतीन, आठवड्याचे सात दिवस, सात जोहार." मामानं बोटावर मोजलं. मंग विचारलं, "पुरे?"

पुरे, म्हटलं. एकही कमी नाई.

१ मार्च, शनिवार

बाजारात सात नाकेदार रांगेत! मिरच्यायच्या ढिगाजवळ. मामा मधात उभा. एकेकानं सात-सात जोहार केले. पत्रू पाचावर थांबला तर मामा म्हणाला, दोन राह्यले. लोकं जमून हासून राह्यले. शेवटी मी — सात जय भीम. मामानं सातही घेतले, अन् म्हणाला, तुह्याकडे मागच्या उन्हाळ्याचे दोन दिवस बाकी होते. तेही आले.

मिरची घ्याले विसरली.

२ मार्च

हाजरी तीन मिनिटं.

११ मार्च

दुपारी दीड. जोहार नाई, काही नाई, एकदम मामाचा आवाज — "मोहाखाली आग. नाल्याच्या उगवतीले. वारा गावाकडे." तीन वाक्यं. बाकी सात नाके चिडीचूप! एकानंही मधात बटन दाबलं नाई. मी जीप धाडली, शेजारच्या दोन नाक्यायची मानसं धाडली. चाळीस मिनिटांत आग बसली. मोह फुलाची वेळ, फुलं वेचाले कोणी खालचा पाला जाळला होता. गावापासून दोन शेतं दूर राह्यली होती.

मागच्या वर्षी दोन दिवस. यंदा तीन वाक्यं.

२० मार्च

मोठे सायब आले. सात वाजले. जोहार, अन् मंग आठ नावं, आठ उत्तरं. दोन मिनिटं चाळीस सेकंद, सायबाच्या स्वतःच्या घड्याळावर! सायबानं विचारलं, कोणतं नवं यंत्र बसवलं? श्रीहरी म्हणाला, काही नाई सायब, उलट दोन पाइप काढले. मंग माही वही पुढे केली. सायबाले पांढरी झाडं पाहाची होती. अस्वलखोऱ्यापर्यंत पायी नेलं. बूट चावले त्याले. माच पाहून जाग्यावरच म्हणाले, सेट राहतीन.

राहतीन!

२८ मार्च

हुकूम. मोठ्या सायबानं दुसऱ्या चार रेंजमध्येही झाडं रंगवाले सांगतलं. हेमलकशाकडच्या जंगलापासून सुरू. त्यात माहं नाव — बायनाबाई खोब्रागडे, ऑपरेटर. ऑपरेटर! एक तारखेले हाजर व्हाचं. इथल्या खुर्चीवर पत्रू.

खुशी झाली. मंग ऑफिसातला चहाचा गंज घासत बसली, उगाच.

३१ मार्च

शेवटची हाजरी. साताले मामाच्या आधी मीच बटन दाबलं — जोहार, सगळ्यायले. सोडलं. कोणी बोललं नाई. चांगलं शिकले! नियम माहाच. पण बोलाचं नाई असा होता, दाबाचं नाई असा नव्हता. टक. कोणी तरी नुसतं बटन दाबून सोडलं. मंग दुसरं. टक. मी मोजत गेली. आठ. एकामागून एक, एकही दुसऱ्याच्या अंगावर पडला नाई.