मुकादमाचं स्थलांतर

कोसाड, सूरत
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. उषाताईस,
सुकदेवचा सा. न. वि. वि.

पत्र अशासाठी, की फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी बोलतो ते तू ऐकून घेत नाहीस. माझे कान तीस वर्षं पॉवरलूमच्या खटखटाटात गेले. तुझी सवय जन्माची. कागदावर निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

तर बातमी. आमच्या चिरंजीवांनी, योगेंद्रने, कामरेजला फ्लॅट घेतला. सहावा मजला, इमारतीचं नाव ‘वैकुंठ वैभव’. तिथे जिवंतपणी राहता येतं म्हणे, फक्त लिफ्ट चालू हवी. पंचवीस तारखेला सामान हलवायचं आहे, आणि सामानात सगळ्यांच्या डोळ्यात खुपते ती एकच वस्तू : माझी माशांची पेटी.

तीन फुटी काच, अकरा वर्षं जुनी. आत सहा मॉली, दोन गुरामी आणि एक सकर मासा. वीतभर लांब, काळा, खरबरीत. काचेला तोंड लावून पेटीभर फिरतो आणि आपण फार काम करतोय असं दाखवतो. आमच्या कारखान्याचा मुकादम असाच होता, म्हणून याचंही नाव मुकादम.

नव्या घरात छगनभाई वास्तुवाले येऊन गेले. मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन गोल गोल फिरले आणि म्हणाले, मासे ईशान्येला, आठ सोनेरी आणि एक काळा. माझ्या मुकादमाचा फोटो पाहून म्हणाले, काळा चालेल, पण आठ सोनेरी कमी पडतात. आमच्या सूनबाईला, चंचलला, निळ्या दिव्यांची नवी पेटीच हवी आहे. शेवटी योगेंद्रने न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला. जुनी पेटी येऊ दे. एकोणीस फेब्रुवारीला वास्तुशांती आहे. त्या दिवशी ती पाहुण्यांना दाखवण्यासारखी असेल तर हॉलमध्ये राहील, नाहीतर दुकानदाराला देऊन टाकू. मी बहिरा म्हणून निकाल ओरडून दिला. आता तो सगळ्या कोसाडला पाठ आहे.

तू हसशील. पण ताई, घरात मला फक्त हलणारी तोंडं दिसतात आणि प्रत्येक तोंडाला माझ्याकडून उत्तर हवं असतं. मासेही तोंड हलवतात, पण उत्तर मागत नाहीत. पेटी गेली तर त्या वैकुंठात मी बघत बसू कशाकडे?

तयारी ठरली आहे. मासे झाकणाच्या बादलीत, अर्धं जुनं पाणी दोन कॅनमध्ये, खडी गोणीत, रिकामी काच गादीवर. जुनं पाणी सोबत न्यावं असं दुकानदार सांगतो. का, ते त्याला माहीत नाही आणि मीही विचारलं नाही.

लोभ आहेच, तो पत्रात दिसू दे. टोमणे एका पानात आटप.

तुझा
सुकदेव

*

प्रकाशा
२० जानेवारी २०२५

चि. सुकदेवास,
उषाताईचे अनेक आशीर्वाद.

एका पानात आटपायला मी काय तार करतेय? इथे सगळं ठीक. म्हैस गाभण आहे, दह्याला गिऱ्हाईक आहे, गुडघे आपल्या जागी आहेत.

आपला बाप तापीतले मासे धरून खायचा, आणि तू त्यांना रोज सकाळी वाढतोस. तापी माझ्या घरामागून निघून तुझ्या सुरतेलाच पोचते. त्या पाण्यातून बाप कधी तुझी चौकशी करायला आलाच तर तोंड लपव.

ईशान्येला देव बसवतात असं मी ऐकलं होतं. आता तिथे मासे बसणार, तर देवाची रवानगी कुठे केली, तेवढं छगनभाईंना विचारून ठेव. आठ सोनेरी नि एक काळा हा हिशेब मात्र मला पटला. त्या फ्लॅटमध्ये बाकी सगळे सोनेरी आहेतच. काळा कोण, हे सांगायला होकायंत्र लागत नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते. मंगलाला पेटीजवळ एकटी सोडू नकोस. वहिनी गुणाची आहे, पण तिच्या हातात घासणी आली की समोरची वस्तू काय आहे हे ती बघत नाही. माझ्याकडे आली होती तेव्हा शंभर वर्षांच्या पितळी गणपतीचं नाक घासून सपाट करून गेली. आता तो गणपती आहे की मारुती, हे आम्ही नैवेद्य पाहून ठरवतो.

वास्तुशांतीला यायचं म्हैस ठरवेल. प्रकृतीला जप आणि पत्राला उत्तर टाक, नाहीतर फोन करीन.

तुझी
उषाताई

*

कामरेज, सूरत
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा इशारा सत्तावीस तारखेला पोचला. पेटी पंचवीसला हलली होती. पोस्टमन आणि नशीब, दोघंही आपल्याकडे चालतच येतात.

मी माशांची बादली दोन गुडघ्यांत धरून पहिल्या टेम्पोने निघालो. काच, खडी आणि पाण्याचे कॅन दुसऱ्या खेपेला यायचे होते, आणि ती खेप मंगलाच्या ताब्यात होती. तिने कॅनमधलं जुनं पाणी मोरीत ओतलं. मी चिडलो तेव्हा माझ्यापुढे उभं राहून, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा पाडून म्हणाली, “नवा घरमा शिळं पानी कोनी लई जास का?” आपल्याकडे नव्या घरात ताज्या पाण्याचा कलश आधी जातो हे खरंच आहे. त्या नियमातून माशांना सूट असल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

एवढ्यावर ती थांबली नाही. खडी हळद घालून उकळली. फिल्टरमधला स्पंज, अकरा वर्षांचा, काळाकुट्ट, गाळाने भरलेला, साबणाच्या पावडरीत भिजवून, धोपटून, उन्हात वाळवला. पिवळाधमक निघाला. खोटं कशाला बोलू, पाहून मलाही बरं वाटलं.

पेटी ईशान्येला मांडली. पाणी इतकं नितळ, की शेजारच्या बाईंनी पाणी कधी भरणार म्हणून विचारलं. छगनभाईंनी पेटीला हात जोडले. तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं आणि मासे वर येऊन तोंड वासू लागले. मी घाबरून सगळं पाणी बदललं, स्पंज पुन्हा धुतला. आणखी बिघडलं. आजवर चार मॉली आणि एक गुरामी गेले. मुकादम तळाशी पडून आहे. काम करतोय असं दाखवतसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

पुढची मौज ऐक. छगनभाई म्हणतात, शुभ झालं, घरावरचं संकट मासे स्वतःवर घेतात. पाच मासे, पाच संकटं टळली. झालं, घरात आनंदीआनंद. चंचल आणि मंगला संकटांची नावं शोधत बसल्या. लिफ्ट मध्येच अडकली नाही, हे एक. योगेंद्रची मोटारसायकल घसरली नाही, हे दुसरं. पाचवं सापडेना, तेव्हा चंचलच्या आईचं नियोजित येणं पुढे ढकललं गेलं ते मी मनातल्या मनात मोजलं. इतक्या अभिनंदनाच्या घरात सुतक धरणारा मी एकटा.

योगेंद्रने दुकानदाराला सांगून ठेवलं आहे. सोळा दिवस उरलेत. दुकानदाराने एक निळं औषध दिलं, त्याने फक्त माझी बोटं निळी झाली. तुला माशांतलं काही कळत नाही हे माहीत आहे, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

आशीर्वाद असू दे. जमलं तर अक्कलही थोडी पाठव.

तुझा
सुकदेव

*

प्रकाशा
७ फेब्रुवारी २०२५

चि. सुकदेवास,
आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय. तुझ्या माशांसाठी रांगेत उभी राहिले, हे लक्षात ठेव.

मला माशांतलं कळत नाही. दह्यातलं कळतं. अकरा वर्षं ते मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात हगतात आणि मरत नाहीत. मग ती घाण जाते कुठे? कोणीतरी ती खात असणार. कुठे राहून खात असणार? तुम्ही धोपटून उन्हात घातलात तिथे.

अरे गाढवा, तो स्पंज म्हणजे विरजण होतं.

माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात, चकचकीत पातेलं आणतात, उत्तम दूध आणतात आणि विचारतात दही का लागत नाही. कसं लागेल? आदल्या दिवसाच्या भांड्याला चिकटलेलं चमचाभर आंबट तुम्ही स्वच्छतेच्या भरात धुऊन टाकता. दूध कितीही चांगलं असो, विरजणावाचून ते नासतंच. तुझं पाणी नासलं आहे. निळं औषध कसलं घालतोस? नासलेल्या दुधात शाई ओतून दही होतं का?

आता ऐक. विरजण संपलं की शेजारी मागायचं. कोसाडला ज्याच्याकडे जुनी, मळकी, चालती पेटी असेल त्याच्याकडून त्याच्या स्पंजाचा तुकडा आण. ओलाच आण, त्याच्याच पाण्यात बुडवून. आणल्यावर धुऊ नकोस. तोवर माशांना खायला घालू नकोस, रोज पाव हिस्सा पाणी बदल, तेही रात्रभर उघडं ठेवलेलं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने माझं विरजणसुद्धा मरतं.

मंगलावर ओरडू नकोस. तिने एकदा धुतलं. दुसऱ्यांदा धुणारा गाढव वेगळा होता.

लोभाची काळजी नको, तो कधी धुतलेला नाही.

तुझी
उषाताई

*

कामरेज
१३ फेब्रुवारी २०२५

ती. उषाताईंस,
सौ. मंगलाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळत नसतं. मी विरजण धुतलं, हे आता सहाही मजल्यांना माहीत आहे.

ताई, विरजण काय असतं ते मला कोणी शिकवू नये. चौतीस वर्षांपूर्वी अमळनेरहून सुरतेला आले तेव्हा आईने दिलेलं दही डब्यात घालून मांडीवर आणलं होतं. तेच आजही लावते. पण तो कुजका वास मारणारा बोळा म्हणजे विरजण, हे मला सांगायचं कोणी? ज्यांनी अकरा वर्षं त्याच्यासमोर बसून काढली त्यांनाही ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं माझ्याकडे पाठ करून बसले आणि तेवढंही शिकले नाहीत.

असो. मीच गेले. दोनदा रिक्षा बदलून कोसाडला, आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे, राघोभाऊंकडे. त्यांची पेटी आमच्या पाठोपाठ घेतलेली, नऊ वर्षांची आहे. त्यांच्या बायकोला म्हटलं, थोडी घाण हवी होती. ती म्हणाली, फ्लॅटमध्ये मिळत नाही वाटतं. ऐकून घेतलं. स्पंजाचा तुकडा स्टीलच्या डब्यात, त्यांच्याच पाण्यात बुडवून मांडीवर घेतला. शेअर रिक्षात वास असा सुटला की दोघं पुढच्याच नाक्यावर उतरले. मी ऐसपैस बसून आले.

मासे तगलेत. गुरामी खालीवर फिरतो. पण पाणी चहासारखं दिसतं, आणि योगेंद्र म्हणाला हे पाहुण्यांसमोर नको. दुकानदाराने नेण्याऐवजी मी ती पेटी वॉशिंग मशीनच्या बाल्कनीत ठेवायला लावली. एवढं तरी माझं ऐकलं. हॉलमध्ये उद्या नवी पेटी येतेय, निळ्या दिव्याची.

हे आता तिथेच असतात. मशीनशेजारी स्टूल टाकून बसतात. कपडे वाळत घालायला मलाही तिथेच जावं लागतं, त्यामुळे दिवसातून दोनदा आमची भेट होते.

हे पत्र त्यांना कळू देऊ नका. आपली माया होती तशी राहू द्या.

आपली
मंगला

*

कामरेज, सूरत
९ मार्च २०२५

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हैस वास्तुशांतीच्याच दिवशी व्याली, हे वाचून आनंद झाला. तिला मुहूर्त कळतो.

समारंभ झोकात झाला. नवी पेटी, नवी खडी, नवा फिल्टर, आठ सोनेरी, एक काळा, मध्ये प्लॅस्टिकचा किल्ला. पाहुण्यांनी सत्यनारायणाला पाठ करून तिच्यासोबत फोटो काढले. चंचलच्या वडिलांनी माझी चौकशी केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की मी विश्रांती घेतोय. मी बाल्कनीत होतो. मंगलाने शिऱ्याच्या दोन वाट्या तिथे आणल्या आणि एक स्वतःच खाल्ली. पंगत सोडून इथे का, असं मी विचारलं. ती काय बोलली ते मला दिसलं नाही, कारण ती पेटीकडे बघत होती.

नवव्या दिवशी नवी पेटी पांढरी झाली. बाराव्या दिवसापर्यंत सहा सोनेरी गेले. छगनभाईंनी फोनवर सहा मोठी संकटं टळल्याचं कळवलं. या वेळी कोणी हसलं नाही. चंचलने विचारलं म्हणे, की याच घरावर इतकी संकटं यायला निघतात तर चूक घरात आहे की सल्ल्यात? त्यावर छगनभाईंचं होकायंत्र जरा हललं. आता मासे उत्तरेला हवेत.

बाल्कनीत मात्र राघोच्या विरजणाने काम केलं. पाणी आपोआप निवळलं. मुकादम उठला. काल पुरी काच फिरून आला आणि आपण फार दमलोय असं दाखवत होता.

आज सकाळी योगेंद्र बाल्कनीत आला. हातात स्टीलची वाटी. मशीन चालू होतं ते बंद केलं, जणू माझ्या कानांना त्याचाच काय तो अडथळा होता. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “पप्पा, थोडी घाण द्या ना.”

मी कानामागे हात धरला. तो पुन्हा म्हणाला. मी मान हलवली, कळलं नाही. तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्याने म्हणाला की खालच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन वर बघू लागली.

मग मी स्पंजाचा तुकडा कापून वाटीत दिला. धुऊ नकोस, हेही सांगितलं. दुपारी तो आणि मंगला मिळून जुनी पेटी हॉलमध्ये घेऊन गेले, आणि मागोमाग माझी खुर्ची. दिशा कोणती आहे ते मी विचारलेलं नाही.

तुला म्हणून सांगतो. लूमच्या आवाजात तीस वर्षं आम्ही एकमेकांचे ओठ वाचूनच काम केलं. पोराचं बोलणं मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

तुझा
सुकदेव